ही ओळ कुणी घातली? कोंडाण्याची रात्र, कागदावर आणि पडद्यावर

ऐतिहासिक सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक पाटी येते. कथेच्या सोयीसाठी काही स्वातंत्र्य घेतलं आहे, काही पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, अशा अर्थाचा मजकूर असतो. ती पाटी चार-पाच सेकंद टिकते. त्या वेळी आपण खुर्ची शोधत असतो, नाहीतर पॉपकॉर्न सांभाळत असतो. मग अडीच तास घोडे, मशाली, तलवारी आणि पार्श्वसंगीत. बाहेर पडताना आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं आणि पुढची कित्येक वर्षं 'इतिहास' म्हटलं की तेच चित्र समोर येतं.

यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया आहेत. पहिली म्हणजे, 'निदान सिनेमामुळे पोरांना इतिहास तरी कळतो.' दुसरी, 'सिनेमात सगळं खोटं असतं, इतिहास शिकायचा तर पुस्तकं वाचा.' मला दोन्ही अर्धवट वाटतात. सिनेमातून इतिहास शिकता येतो, पण त्यासाठी सिनेमाला एक नेमका प्रश्न विचारावा लागतो. त्या प्रश्नाबद्दल हा लेख आहे.

पाटी का चालत नाही

२००९ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अँड्र्यू बटलर, हेन्री रोडिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ऐतिहासिक घटनांवरचे अचूक उतारे वाचायला दिले आणि त्याच घटनांवरच्या लोकप्रिय सिनेमांतले तुकडे दाखवले. तुकड्यांत काही माहिती उताऱ्याशी जुळणारी होती, काही थेट विरुद्ध. आठवड्याने त्यांना उताऱ्यात काय होतं ते विचारलं.

जी माहिती दोन्हीकडे सारखी होती ती सिनेमा पाहिलेल्यांना जास्त चांगली आठवली. म्हणजे सिनेमा शिकवतो, हे खरं. पण जिथे सिनेमा आणि उतारा यांच्यात विरोध होता, तिथे अनेकांनी सिनेमातली चूकच उताऱ्यात वाचल्यासारखी सांगितली. बरोबर माहिती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती, तरीही.

प्रयोगाचा पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काहींना आधी ढोबळ इशारा दिला होता की या सिनेमात चुका असू शकतात. काहींना नेमका इशारा दिला होता की अमुक गोष्ट सिनेमात अशी दाखवली आहे, ती चूक आहे. फसगत ठळकपणे कमी झाली ती नेमक्या इशाऱ्यामुळे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. 'ॲप नीट चालत नाहीये' अशी तक्रार आली तर कुणीच काही दुरुस्त करू शकत नाही. 'या स्क्रीनवर, हे बटण दाबल्यावर, ही चूक येते' असं सांगितलं की काम होतं. सिनेमाच्या सुरुवातीची पाटी पहिल्या प्रकारातली आहे. 'सिनेमात सगळं खोटं असतं' हे वाक्यही त्याच प्रकारातलं. ते म्हणणाऱ्याला शहाणपणाचं समाधान मिळतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र जागचं हलत नाही.

मग नेमका इशारा कसा द्यायचा? आमच्या कामात 'गिट' नावाचं साधन असतं. एकाच फाइलवर दहा जणांनी वर्षानुवर्षं काम केलेलं असतं. त्यातली एखादी ओळ खटकली की 'गिट ब्लेम' ही आज्ञा द्यायची. प्रत्येक ओळीसमोर ती कुणी आणि कधी घातली ते दिसतं. नावात 'ब्लेम' असलं तरी हेतू दोष देण्याचा नसतो. ओळ कुठून आली हे कळलं की तिच्यावर किती विसंबायचं ते ठरवता येतं. ऐतिहासिक सिनेमाला विचारायचा प्रश्न हाच आहे: ही ओळ कुणी घातली?

आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका रात्रीवर हे करून बघू.

एका रात्रीच्या आवृत्त्या

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. तानाजी मालुसरे आणि त्यांच्या मावळ्यांनी कोंडाणा घेतला, तानाजी पडले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, त्यांत कोंडाणा होता. तो परत घेणं ही पुढच्या मोठ्या मोहिमेची सुरुवात होती. एवढ्यावर इतिहासकारांत वाद नाही.

आता गोष्ट. पहिली आवृत्ती कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीतली. ही बखर १६९७ ची, म्हणजे घटनेनंतर २७ वर्षांनी जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिलेली. शिवाजी महाराजांच्या चरित्राच्या बखरींत ती सर्वांत जुनी आणि सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. सभासदाकडे प्रसंग थोडक्यात उरकतो. तानाजी गड घ्यायचं कबूल करतात. रात्री निवडक मावळे माकडासारखे कडा चढून जातात. लढाईत तानाजी आणि किल्लेदार उदयभान राठोड एकमेकांच्या हातून पडतात. भाऊ सूर्याजी लोकांना सावरतो आणि गड ताब्यात घेतो. पागेला आग लावतात, तिचा उजेड राजगडावरून महाराजांना दिसतो आणि फत्ते झाल्याचं त्यांना कळतं. तानाजी गेल्याचं समजल्यावर महाराज हळहळतात, पण ती हळहळ एक गड मिळवताना दुसरा गड गमावल्याची आहे. सिंहाचा उल्लेख तिथे नाही.

दुसरी आवृत्ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याची. हा पोवाडा पिढ्यानपिढ्या गायला गेला आणि १८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात छापून आला. तो मुळात किती जुना यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चौथीच्या पुस्तकामुळे आपल्या मनात असलेल्या कितीतरी गोष्टींचं मूळ इथे सापडतं. जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव आणि त्यात मागितलेला कोंडाणा, रायबाचं लग्न, शेलारमामा, घोरपड. सभासदाच्या मजकुरात यातलं काही नाही.

तिसरी आवृत्ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची, हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी. आपट्यांनी एक नवी ओळ घातली: कमलकुमारी. सती जायला निघालेली ही रजपूत स्त्री उदयभानच्या तावडीत सापडते आणि कोंडाण्यावर आणली जाते. किल्ल्यासाठीच्या लढाईला कादंबरीकाराने एका अबलेच्या सुटकेची जोड दिली. त्या काळच्या वाचकांना रुचणारा हा साचा होता.

मग पडदा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात शेलारमामाचं काम करणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी बोलपट 'सिंहगड' दिग्दर्शित केला. आणि जानेवारी २०२० मध्ये ओम राऊत यांचा 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर' आला.

'तान्हाजी'मध्ये उदयभानच्या कैदेत कमला नावाची एक विधवा राजस्त्री आहे. सिनेमा बघताना अनेकांना वाटलं असेल की हे हिंदी सिनेमावाल्यांनी घुसडलेलं प्रेमप्रकरण आहे. ब्लेम लावून बघितलं तर ही ओळ मुंबईच्या पटकथाकाराची नाही, ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मराठी कादंबरीकाराकडे जाते. आपणच लिहिलेली कल्पित ओळ तीन सिनेमे ओलांडून आपल्याकडे परत आली आणि आपण तिला परकी समजलो.

रायबाच्या लग्नाचंही बघा. कागदोपत्री पुरावा विचाराल तर तो पोवाड्याचा आहे. म्हणून ती ओळ फेकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. गावोगावी पोवाडा ऐकणाऱ्या माणसाला मनसबदारी आणि तहाची कलमं यांच्याशी देणंघेणं नव्हतं. घरचं लग्न टाकून मोहिमेवर जाणं म्हणजे काय, हे मात्र त्याला नेमकं कळत होतं. स्वराज्याची किंमत एका घराने काय मोजली हे सांगायला लोकांनी लग्नाचा प्रसंग निवडला. १६७० मध्ये काय घडलं याचा तो पक्का पुरावा नसेल, पण नंतरच्या लोकांनी ती रात्र कशी जपली याचा तो पुरावा आहे. पुराव्याचे हे दोन प्रकार वेगळे ठेवता येणं, इतिहास शिकण्यातला निम्मा भाग एवढाच आहे.

फोन काढा

काही ओळी तपासायला दप्तरखान्यात जावं लागत नाही. हातातला फोन पुरतो.

'तान्हाजी'मध्ये मुघल सैन्य नागीण नावाची अवाढव्य तोफ कोंडाण्यावर आणतं आणि राजगडाला तिच्यापासून धोका आहे असं कथानक सांगतं. नकाशाचं ॲप उघडा आणि सिंहगडापासून राजगडापर्यंत सरळ रेष ओढून अंतर मोजा. साधारण १५ किलोमीटर भरतं. सतराव्या शतकातल्या तोफांचा परिणामकारक मारा याच्या जवळपासही जात नव्हता. त्यामुळे नागिणीचं सगळं संकट पटकथेत जन्मलेलं आहे, हे कुठल्याही इतिहासकाराला न विचारता आठवीतला मुलगा सांगू शकतो.

आता तेच १५ किलोमीटर सभासदाच्या ओळीला लावा. गडावर लावलेली आग राजगडावरून दिसेल का? सिंहगडावर गेलेल्या कुणालाही विचारा, स्वच्छ हवेत राजगड आणि तोरणा समोर दिसतात. अंधाऱ्या रात्री पेटलेली पागा तिथून दिसणं सहज शक्य आहे. एकाच अंतरावर तोफेचा गोळा नापास होतो आणि आगीचा उजेड पास होतो. आग दिसू शकत होती म्हणजे ती लावलीच होती, असं अर्थात सिद्ध होत नाही. पण एक ओळ अशक्य आणि एक शक्य, इतकं नक्की कळलं.

दुसरी तपासणी चंद्राची. रात्रीच्या लढाईत कुणाला किती दिसत होतं? एखाद्या खगोलशास्त्राच्या ॲपमध्ये ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख टाकली तर बहुधा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र दिसेल. म्हणजे लख्ख चांदण्यात छुपी चढाई? इथे गडबड तारखेची आहे. शिवकालातल्या तिथ्यांच्या इंग्रजी तारखा इतिहासकार प्रथेने जुन्या ज्युलियन पद्धतीने देतात. ॲप मात्र १५८२ नंतरच्या तारखा आजच्या ग्रेगोरियन पद्धतीच्या मानून चालतं. सतराव्या शतकात या दोन पद्धतींत दहा दिवसांचा फरक होता. १४ फेब्रुवारी टाकून बघा, उतरता चंद्र येतो. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे निम्मी रात्र मिट्ट काळोख आणि नंतर थोडा उजेड. चढाईसाठी ही तिथी मुद्दाम निवडली होती का, हा मग एक खराखुरा प्रश्न होतो. ज्यांनी तारखांच्या बगपायी रात्री जागवल्या आहेत त्यांना या दहा दिवसांची गंमत विशेष कळेल.

तिसरी तपासणी नावाची. तानाजींच्या बलिदानामुळे कोंडाण्याचं नाव सिंहगड पडलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण महाराजांच्या १६६३ मधल्या एका पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. यामुळे तानाजींचं शौर्य एका कणानेही कमी होत नाही. फक्त हे कळतं की वाक्य जितकं सुंदर, तितकी त्याची आवृत्ती बघायची गरज जास्त.

सिनेमा ज्या वर्षाचा, त्या वर्षाचा पुरावा

सिनेमाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो वर्गात जवळजवळ कुणी करत नाही. १६७० बद्दल सिनेमा कितीही चुकला तरी स्वतःच्या वर्षाबद्दल तो फारसं खोटं बोलू शकत नाही.

१९३० मध्ये शांतारामांनी शिवाजी महाराजांवर एक मूकपट केला. त्याचं आधीचं नाव 'स्वराज्याचे तोरण' होतं. ब्रिटिश सेन्सॉरने हरकत घेतली आणि तो 'उदयकाल' नावाने प्रदर्शित झाला. १९३० म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. तोरणा किल्ल्याची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाच्या नावातल्या 'स्वराज्य' या शब्दाची सरकारला भीती वाटली. सविनय कायदेभंगाच्या काळात वातावरण किती तापलेलं होतं हे दहावीच्या मुलांना सांगायला यापेक्षा नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

२०२० च्या 'तान्हाजी'ला हीच कसोटी लावा. त्याच्या जाहिरातीत कोंडाण्याच्या लढाईला मुघल साम्राज्य हादरवणारी 'सर्जिकल स्ट्राइक' म्हटलं होतं. हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला तो २०१६ नंतर. पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी ती जाहिरात बघेल तेव्हा तिच्यातून त्याला १६७० कळणार नाही, २०२० चा भारत मात्र चांगलाच कळेल.

इथेच थोडं गंभीर व्हायला हवं. कोंडाण्याचा किल्लेदार उदयभान हा मुघलांच्या चाकरीतला राठोड रजपूत होता. पुरंदरचा तह ज्यांनी घडवून आणला ते मिर्झाराजे जयसिंगही रजपूत. त्या काळच्या निष्ठा वतन, चाकरी, दरबार, घराणं, धर्म अशा अनेक धाग्यांनी विणलेल्या होत्या. सिनेमाला इतके धागे परवडत नाहीत. त्याला एक नायक आणि एक राक्षस हवा असतो. सैफ अली खानचा उदयभान हा राक्षस फार प्रभावी आहे, आणि नेमका म्हणूनच धोका आहे. वरचा प्रयोग आठवा. दृश्य जितकं जिवंत, तितकं ते वाचलेल्या मजकुराची जागा घेणार. मग त्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा रील होऊन फिरतो, सुरुवातीची पाटी गळून पडलेली असते आणि कुठल्याशा ग्रुपवर शेजारच्या माणसाबद्दलचा पुरावा म्हणून तो फेकला जातो. सतराव्या शतकातल्या गुंतागुंतीचा हिशेब आज जिवंत असलेल्या माणसांकडून वसूल केला जातो. ओळ कुणी घातली हे विचारण्याची सवय नसेल तर याचं मोल कुणीतरी खरोखर मोजतं.

जे पडद्यावर नाही

ब्लेमला एक मर्यादा आहे. फाइलमध्ये असलेल्या ओळींचा माग तो दाखवतो. जी ओळ कधी लिहिलीच गेली नाही, ती दाखवत नाही.

कोंडाणा १६७० नंतर कायमचा स्वराज्यात राहिला नाही. संभाजी महाराजांच्या हत्येनंतरच्या धामधुमीत तो पुन्हा मुघलांकडे गेला. १६९३ मध्ये नावजी बलकवडे आणि त्यांच्या साथीदारांनी तो पुन्हा जिंकला. किल्ला तोच, शत्रू तोच, आणि काळ जास्त कठीण, कारण छत्रपती दूर जिंजीत मुघलांच्या वेढ्याला तोंड देत होते. नावजींवर ना कादंबरी गाजली, ना मूकपट, ना बोलपट. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाऊन येणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल?

'तान्हाजी'च्या इंग्रजी उपशीर्षकात 'अनसंग' हा शब्द आहे, म्हणजे ज्याचे गोडवे कुणी गायले नाहीत असा. देशभरातल्या प्रेक्षकांसाठी ते कदाचित योग्य असेल. पण तानाजींची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली तीच मुळी डफ-तुणतुण्यावर गाऊन. खरा 'न गायलेला' माणूस त्याच गडावर २३ वर्षांनी चढला होता. एका नायकाचं नाव आपल्याला पाठ असतं आणि दुसऱ्याचं नसतं, याचं कारण बहुतेकदा पराक्रमात नसतं. कुणाला शाहीर मिळाला, कुणाला कादंबरीकार मिळाला, यात असतं.

वर्गात, किंवा घरच्या टीव्हीसमोर

हे सगळं करायला अख्खा सिनेमा दाखवावा लागत नाही. शिक्षकांकडे तेवढा वेळ नसतो, अभ्यासक्रम डोक्यावर असतो. दहा मिनिटांचा एक तुकडा पुरे.

तुकडा बघताना मुलांनी त्यातले दावे लिहून काढायचे, मतं नाहीत. 'उदयभान क्रूर होता' हे ढोबळ झालं, 'किल्ल्यावर राजगडाला धोका ठरणारी तोफ होती' हा दावा झाला. मग प्रत्येक दाव्यापुढे चारपैकी एक खूण करायची: समकालीन कागद, बखर, लोकपरंपरा, किंवा कादंबरी-पटकथा. मूळ कुठे तेच सापडलं नाही तर जागा रिकामी ठेवायची, रिकामी जागा हेही उत्तर आहे. जे मोजता येतं ते मोजायचं: अंतर, तारीख, चंद्र, वजन. त्यानंतर विचारायचं की ही ओळ घालणाऱ्याला ती का हवीशी वाटली असेल. आणि शेवटी, या तुकड्यात कोण नाही?

एक पथ्य पाळावं लागेल. बखरीलाही हाच प्रश्न विचारायचा. सभासद जिंजीत, युद्धाच्या धामधुमीत, राजाराम महाराजांना त्यांच्या वडिलांचा पराक्रम सांगत होता. त्यालाही श्रोता होता आणि हेतू होता. तो पटकथाकारापेक्षा घटनेच्या बराच जवळ आहे म्हणून त्याचं वजन जास्त, पण तपासणीतून सूट कुणालाच नाही. मुलांना हे समजलं की 'सिनेमा खोटा, पुस्तक खरं' ही सोपी वाटणी मोडते आणि इतिहास पाठांतरातून सुटतो.

यात सिनेमाची मजा जाते का? माझा अनुभव उलटा आहे. कमलाचं मूळ आपट्यांच्या कमलकुमारीत आहे हे कळल्यावर मी 'तान्हाजी' पुन्हा पाहिला आणि पहिल्यापेक्षा जास्त रस घेऊन पाहिला. दोरावरून चढणारे मावळे बघताना अंगावर काटा पूर्वीइतकाच येतो. फक्त आता त्या दृश्यात तानाजींबरोबर शाहीर दिसतो, कादंबरीकार दिसतो, कोल्हापूरच्या स्टुडिओत दाढी लावून उभा असलेला तरुण शांताराम दिसतो.

या वर्षीही दोन-तीन ऐतिहासिक सिनेमे येतील, गाजतील, भांडणंही होतील. तुम्ही बघायला जाल तेव्हा घरातल्या एखाद्या लहान भावंडाला बरोबर न्या. परत येताना त्याला सिनेमा आवडला का हे तर विचाराच, पण एक प्रसंग निवडून हेही विचारा की हे आपल्याला कुणी सांगितलं असेल? उत्तर दोघांनाही आलं नाही तर शोधायला घ्या.